टपातली बोट

शाळेच्या संस्थेचे एक जुने संचालक वारले, म्हणून मधल्या सुट्टीनंतर शोकसभा झाली आणि ज्योत्स्नाला दुपारीच घरी जायला मिळालं. मेलेल्या माणसाबद्दल तिला काही वाटण्याचं कारण नव्हतं. ती त्यांना एकदाच भेटली होती आणि तेव्हा त्यांनी तिला दुसऱ्याच कुणा बाईच्या नावानं हाक मारली होती. उलट बदनापूरच्या स्टँडवर लगेच एसटी मिळाली, खिडकीची जागाही मिळाली, म्हणून ती मनातून खूश होती आणि खूश झाल्याबद्दल थोडी ओशाळलीही होती. जालन्यात उतरून ती कॉलनीत शिरली तेव्हा रोजचीच गल्ली तिला अनोळखी वाटली. ती रोज येते तेव्हा ऊन उतरलेलं असतं, ओट्यांवर बायका बसलेल्या असतात. आत्ता सगळी दारं लोटलेली, एक कुत्रं कुणाच्या तरी गाडीखाली झोपलेलं. आपण नसतो तेव्हा आपली गल्ली अशी असते, असं तिच्या मनात आलं, आणि का कोण जाणे, तिनं फाटक आवाज न करता उघडलं. दारात राजानंदच्या चपला होत्या. जिल्हा परिषदेत या वेळी फायली उपसत बसलेला असायला हवा असा तिचा नवरा घरात होता आणि न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता.

आदल्या दिवशी नळ आला होता. नळ आला की घरातली यच्चयावत भांडी भरून ठेवायची आणि पुढचा नळ येईल तेव्हा येईल असं धरून पाणी जपायचं, हे या शहरात लहान पोरालाही शिकवावं लागत नाही. त्याच भरून ठेवलेल्या पाण्यातला मोठा निळा टप न्हाणीघराच्या मधोमध ओढलेला होता आणि त्यात ती बोट तरंगत होती. खाली लाल, वर काळी, बंदरातल्या मोठ्या जहाजांना ओढून नेणारी असते तसली ठेंगणी, रुंद बोट. तिच्या मागं पाण्यात बारीक भोवरा उठत होता आणि पाण्यावर ग्रीसचा तवंग पसरला होता. राजानंद गुडघे टेकून बसला होता. समोर पालथी बादली, बादलीवर रिमोट, आणि तो हलू नये म्हणून जुन्या पंच्यानं बादलीला बांधून टाकलेला. डाव्या हाताच्या अंगठ्यानं तो रिमोटची एक दांडी हळूहळू सरकवत होता. उजवा हात त्यानं पाठीमागं नेऊन पायजम्याच्या नाडीत खोचून ठेवला होता. साबणाच्या फळीवर मोबाईल उभा केलेला होता आणि तो त्या मोबाईलशी बोलत होता. "हळू. घाई न्हाई काही," तो म्हणत होता. "पुन्हा म्हण बरं एकदा. हां. आता कळलं मला."

मग त्याला दारातली सावली दिसली. तो दचकला, आणि त्यानं पहिली गोष्ट काय केली असेल, तर मोबाईल उचलून फळीवर पालथा घातला.

"आज लवकर?" तो म्हणाला.

"शोकसभा होती. तुम्ही कामून घरी?"

"अर्धी रजा टाकली. डोकं दुखून राह्यलं होतं."

डोकं दुखणारा माणूस अमृतांजन लावून पडतो. तो काही टपात बोट सोडून एका हातानं हाकत बसत नाही. पिण्याचं नसलं तरी ते पाणी होतं, आणि त्यावर ग्रीस सांडलं म्हणून ज्योत्स्नाला तावातावानं भांडता आलं असतं; एरवी ती भांडलीच असती. आज तिचं लक्ष पाण्याकडे नव्हतं. त्या आवाजाकडे होतं. इतका मऊ, इतका सबुरीचा आवाज या माणसाच्या गळ्यात आहे हे तिला इतक्या वर्षांच्या संसारात ठाऊक नव्हतं. प्रीती लहानपणी तापानं फणफणली होती तेव्हाही तो असा बोलला नव्हता. तिच्याशी तर नाहीच नाही. तिच्याशी तो बोलायचा ते हो, न्हाई, बराबर आहे, पाहू, एवढंच. ती स्वयंपाकघरात गेली, चहाला आधण ठेवलं आणि गॅस लावायचाच विसरली.

बोटीचं तिला माहीत होतं. चोरून आलेली नव्हती ती. प्रीतीनं, त्यांच्या मुलीनं, पुण्याहून पाठवली होती: रंगीत खोका, आत प्लास्टिकचे शंभर तुकडे, ते साच्यातून कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे आणि झालेली बोट शोकेसमध्ये ठेवायची. पप्पा रिटायर व्हायच्या आधी काहीतरी छंद लावून घ्या, असं प्रीती फोनवर म्हणाली होती आणि ज्योत्स्ना हसली होती, कारण ज्या माणसानं घरात कधी खिळा ठोकला नाही तो बोट काय बांधणार. पण त्यानं ती बांधायला घेतली. प्रीतीच्या रिकाम्या खोलीत टेबल मांडलं, चष्मा कपाळावर, हातात चिमटा. इथवर ठीक होतं. नंतर मात्र शोकेसच्या बोटीला लागू नयेत अशा गोष्टी कुरिअरनं येऊ लागल्या. छोटी मोटार. पितळेची नळी आणि तिच्यातून जाणारा पोलादी दांडा. तीन पात्यांचा पंखा, अंगठ्याएवढा. त्यानं बोटीच्या धडधाकट बुडाला मागून भोक पाडलं, त्यातून नळी आत घातली, तिच्याभोवती एम-सील थापलं आणि नळीत सिरिंजनं ग्रीस भरलं, म्हणजे दांडा फिरेल पण पाणी आत येणार नाही. ती बोट पाण्यात जाण्यासाठी केलेलीच नव्हती. खोक्यावर तसं लिहिलेलं होतं. मग तिला पाण्यात घालायची एवढी खटपट कुणासाठी? घरात लेकरू नाही. प्रीती नोकरीला लागलेली. कॉलनीतल्या पोरांना हा माणूस ओळखतसुद्धा नाही. आणि गावात पाणी म्हणाल तर मोती तलाव, तिथं हा प्रीती पाळण्यात असल्यापासून फिरकलेला नाही.

त्या दुपारनंतर ज्योत्स्नानं पाहायला सुरुवात केली. पाहण्याची तिला सवय होती. परीक्षेच्या वर्गावर फेऱ्या मारताना कोणत्या पोराच्या बाहीत चिठ्ठी आहे हे तिला त्याच्या मानेवरून कळायचं. आता तिनं तीच नजर घरात वापरली आणि तिला स्वतःचीच थोडी किळस आली, तरी ती थांबली नाही. राजानंद बोटीत शिसं घालत होता. अंबड चौफुलीजवळच्या टायरवाल्याकडून त्यानं चाकांना लावतात ते शिशाचे तुकडे आणले होते, आणि बोट कलते का, किती बुडते, हे पाहत तो एकेक तुकडा इकडून तिकडे सरकवत होता. बॅटरी मधोमध बसवली तरी बोट डाव्या अंगाला झुकायची. तो वैतागत नव्हता. ज्या माणसाला भाजीत मीठ कमी पडलं तर ताट सरकवायला वेळ लागत नसे, तो एका प्लास्टिकच्या बोटीचा तोल तासतासभर सांभाळत होता. या सबुरीचाच तिला संशय आला. माणसाला सबुरी अशी आपोआप येत नाही. कुणीतरी ती आपल्यासाठी आणायला लावतं. बोटीच्या तोंडावर नावासाठी पट्टी होती, ती त्यानं कोरी ठेवली होती. ज्योत्स्ना रोज केर काढताना त्या पट्टीवर नजर टाकायची. एखाद्या दिवशी तिथं नाव उमटेल आणि मग सगळं स्पष्ट होईल, असं तिला वाटायचं; आणि नाव नाही हे पाहून तिला हायसं वाटण्याऐवजी राग यायचा.

आणि तो डावा हात. रिमोटला दोन दांड्या होत्या. मोबाईलवर त्यानं लावलेल्या व्हिडिओत शिकवणारा माणूस दोन्ही हात वापरत होता. एका दांडीनं वेग, दुसरीनं वळण. राजानंदनं मुद्दाम आतली वायर एका खाचेतून काढून दुसऱ्या खाचेत घातली आणि वेग, वळण, सगळं एकट्या डाव्या दांडीवर आणलं.

"दोन दांड्या असून एकीवरच सगळं कामून?" तिनं दारातूनच विचारलं होतं.

"सोपं पडतं."

"डाव्या हातानं सोपं पडतं? तुम्हाला?"

"सवय करून राह्यलो," तो म्हणाला, आणि पुन्हा वायरींत डोकं घातलं.

दैवशाला नावाची एक बाई त्याच्या विभागात नव्यानं बदलून आली होती. विधवा, हसतमुख, सातआठ वर्षांचं एक लेकरू. एवढं भांडवल ज्योत्स्नाच्या मनाला पुरेसं होतं. लेकरासाठी बोट. आई घरी नसताना फोनवर लेकराशी गोड बोलायचं, लेकराच्या आडून आईशी. एकाच हातानं बोट चालवायची, कारण दुसऱ्या हातात... इथं आल्यावर तिचं मन पुढचं चित्र काढायला नकार द्यायचं आणि तरी थोडं थोडं काढायचंच. मग ती स्वतःला समजवायची की राजानंदच्यानं हे होणार नाही. त्याच्यानं लपवणंच होत नाही. तो सांगितलेलं ऐकणारा माणूस आहे. याचा पुरावा तिच्याकडे होता, आणि त्या दिवसांत ती पुन्हा पुन्हा त्या पुराव्यापाशी जाऊन बसायची.

तिचे वडील वारले त्या वर्षीची, प्रीती लहान असतानाची गोष्ट. त्यांच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे बौद्ध रीतीनं स्मरणाचा, कार्यक्रम याच घरात झाला. भंते आलेले, वडिलांच्या बरोबरीचे शिक्षक, अधिकारी, सगळे पांढऱ्या कपड्यांत ओळीनं बसलेले, आणि वंदना चाललेली असताना राजानंदचा मोठा भाऊ रामकिसन आत आला. पिऊन आला होता. बूट न काढता तो थेट तिच्या वडिलांच्या फोटोपर्यंत गेला, फोटो दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरला आणि हंबरडा फोडून रडू लागला. गुरुजी, गुरुजी, असं म्हणत होता. फोटो निसटला, काच फुटली, हार भंतेंच्या पुढ्यात जाऊन पडला. कुणीतरी त्याला धरून बाहेर नेलं. सगळे निघून गेल्यावर ज्योत्स्ना दारात उभ्या असलेल्या रामकिसनसमोर गेली आणि म्हणाली, पुन्हा या उंबऱ्यात पाय ठेवायचा नाही. आणि आत येऊन राजानंदला म्हणाली, एक तर तो, न्हाई तर मी. ज्या भावानं बापाच्या मागं त्याला शिकवलं, स्वतःची शाळा सोडून ऊसतोडीला गेला, त्या भावाबद्दल राजानंद काही बोलेल, निदान एखादा दिवस घुश्शात राहील, असं तिला वाटलं होतं. तो म्हणाला, "बराबर आहे तुझं." बस. एवढंच. त्यानंतर या घरात दादाचं नाव निघालं नाही. आपल्या शब्दाला घरात केवढं वजन आहे याचा तिला तेव्हा अभिमान वाटला होता. आणि आजही, खरं सांगायचं तर, आपण चुकलो असं तिला वाटत नव्हतं. मेलेल्या माणसाच्या फोटोसमोर कुणी पिऊन येतं का? असा एका शब्दावर सख्खा भाऊ सोडणारा नवरा बायको सोडून दुसरीकडे जाणार नाही, असा तिचा हिशेब होता. फक्त हल्ली एक खडा त्यात टोचायचा: जो इतक्या सहज हो म्हणतो, त्यानं हो म्हटलेलं असतं तरी का?

दैवशाला तिला भाजीबाजारात भेटली. मेथी निवडत होती. तिनं ज्योत्स्नाला ओळखलं, पिशवी खाली ठेवून हात जोडले. ज्योत्स्नानं इकडचं तिकडचं विचारलं आणि मग सहज विचारावं तसं विचारलं, "तुमच्या मुलाला बोटीचा नाद आहे म्हणे?"

"माझ्या?" दैवशाला हसली. "त्याला मोबाईल सोडून कशाचाच नाद न्हाई, मॅडम. बोट तर त्यानं पाह्यली पण नसंल." मग आवाज उतरवून ती म्हणाली, "आता बरं आहे ना? साहेब लई टेन्शनमधी होते मधी. दवाखान्यातून फोन आल्ता तर तसेच उठून गेल्ते. आम्ही म्हणलं, इतका शांत माणूस, पार घाबरून गेला."

"हो, बरं आहे आता," ज्योत्स्ना म्हणाली. आपल्याला काही ठाऊक नाही हे या बाईला कळू द्यायचं नाही, एवढीच एक गोष्ट त्या क्षणी तिला महत्त्वाची वाटली. तिनं नको असलेली कोथिंबीर घेतली, भाव न करता घेतली, आणि रिक्षात बसली. दवाखाना. म्हणजे बाई नव्हतीच. म्हणजे तोच आजारी होता. उजवा हात. त्याचा उजवा हात जात होता, आणि तो तिला न सांगता डाव्या हाताची सवय करत होता. दवाखान्यानं सांगितलेलं काहीतरी असणार, बोटांचा व्यायाम. घरी पोचेपर्यंत तिनं त्याला अंथरुणावर पाहिलं होतं, भरवलं होतं, कूस बदलवली होती आणि विधवाही होऊन झाली होती. आश्चर्य म्हणजे या सगळ्यात तिला थोडंसं बरंही वाटत होतं, कारण हे दुःख निदान तिचं होतं, त्यात तिसरं कुणी नव्हतं.

मग सुरू झाल्या तपासण्या. तिनं लोणच्याची बरणी त्याच्यापुढे ठेवली: उघडत न्हाई हो. त्यानं उजव्या हातानं एका हिसड्यात उघडली. भरलेली बादली न्हाणीघरातून मोरीत न्यायला लावली. त्यानं नेली, पाणीसुद्धा हिंदकळलं नाही. गव्हाचं पोतं सरकवायला सांगितलं तेव्हा तो तिच्याकडे पाहत राहिला. "काय चाललंय तुझं?" त्यानं विचारलं. "माझं?" ती म्हणाली. "माझं काय चालणार?" हात धडधाकट होता. म्हणजे आजार नाही. म्हणजे परत बाईच, पण दैवशाला नव्हे, दुसरी कुणी, दवाखान्यात असलेली. की आजार असा की जो अजून हातापर्यंत पोचलेला नाही? ती वर्गात फळ्यावर आकृती काढायची, मुलं वहीत उतरवायची, आणि तिला मध्येच कळायचं की आपण पचनसंस्था काढता काढता थांबलो आहोत आणि मुलं अर्ध्या आतड्याकडे बघत बसली आहेत. या वयात असल्या गोष्टी करायच्या, तिला स्वतःचा राग यायचा. पण संशयाचं असं आहे की तो खोटा ठरला तर सुटल्यासारखं वाटायला हवं, आणि तिला तर प्रत्येक वेळी फसवल्यासारखं वाटत होतं.

रविवारी राजानंद कल्याणकडे जायचा. कल्याण त्याचा शाळासोबती, बॅटरी-इन्व्हर्टरच्या दुकानाचा मालक. बोटीच्या वायरी त्यानंच डागून दिल्या होत्या. दर रविवारी तिथं कॅरम चालतो, असं ज्योत्स्ना कित्येक वर्षं ऐकत आली होती. त्या रविवारी तो सकाळीच निघाला, हातात मोठी पिशवी. बोट नेतोय हे तिला पिशवीच्या आकारावरून कळलं. तासाभरानं फाटक वाजलं. बाहेर कल्याण उभा होता.

"राजाभाऊ आहेत का वयनी? चार्जरची ही पिन राह्यली माझ्याकडंच, म्हणलं देऊन यावं."

"ते तुमच्याकडंच आले ना?"

कल्याणचं तोंड पाहण्यासारखं झालं. "हां, हां. माझ्याकडंच. येतीलच ते. मीच जल्दी निघालो दुकानातून," असं काहीतरी पुटपुटून त्यानं पिन तिच्या हातात कोंबली आणि गाडीला किक मारली. ज्योत्स्नानं दार लावलं. म्हणजे इतके रविवार. कॅरम नाही, कल्याण नाही. तिनं राजानंदला फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला. मग तिनं प्रीतीला लावला, आणि आपला आवाज अगदी रोजचा ठेवून म्हणाली, "पप्पांचा फोन लागून न्हाई राह्यला गं."

"तळ्यावर रेंज नसते ना, मम्मी," प्रीती झोपाळू आवाजात म्हणाली.

"कोणत्या तळ्यावर?"

ज्योत्स्ना थांबली. वर्गातही ती अशीच थांबायची. पोरं स्वतःहून बोलतात.

"मम्मी, तू चिडू नको. मोठ्या पप्पांच्या शेततळ्यावर. त्यांना अर्धांगवायू झालाय. उजवी बाजू गेली पूर्ण, बोलणंही नीट येत नाही. नुसते तळ्याकडं बघत बसायचे दिवसभर, हात हलवायलाही तयार नव्हते. म्हणून मी ते किट पाठवलं. पप्पा म्हणाले, रिमोटची करतो, त्यांना एका हातानं चालवता येईल अशी. मोठे पप्पा घरात असले की पप्पा त्यांना व्हिडिओ कॉलवर शिकवायचे."

मोठे पप्पा म्हणजे रामकिसन. "तू जातेस तिकडं?"

"दर दिवाळीला जाते, मम्मी. लहानपणापासून. पप्पा नेतात, कल्याणकाकांकडं जातो म्हणून."

"आणि मला कुणी सांगितलं न्हाई."

"तू विचारलंच नाही कधी," प्रीती म्हणाली, आणि मग अगदी बारीक आवाजात, "आणि तुला कोण सांगणार, मम्मी? सगळे घाबरतात तुला."

फोन ठेवल्यावर क्षणभर, अगदी क्षणभर, तिला हलकं वाटलं. बाई नव्हती. आजार नव्हता. नवरा जागेवर होता. आणि मग ते सगळं उलटं होऊन तिच्या अंगावर आलं. बाई असती तर बरं झालं असतं. बाई असती तर त्यानं तिला फसवलं असतं, लोकांनी तिची बाजू घेतली असती, ती रडली असती, माहेरच्यांना बोलावलं असतं. इथं कुणी तिसरं नव्हतंच. तिच्यापासून लपवायचं ते तिच्यामुळेच. तो तेव्हा बराबर आहे तुझं म्हणाला आणि त्याच रविवारी असाच पिशवी घेऊन निघाला असेल. सगळं घर, सगळं नातं, कल्याणसुद्धा, सगळे जण इतकी वर्षं तिच्याभोवती पाय न वाजवता वावरत होते. आणि ती समजत होती की आपल्या शब्दाला वजन आहे. तिनं पर्स उचलली. जाब विचारायला निघालेय असं ती स्वतःला सांगत होती. कुणाला आणि कशाचा, ते बसमध्ये ठरवू म्हणाली.

चतुर्थी होती, त्यामुळे राजूरची बस नारळ-हारांच्या पिशव्यांनी गच्च भरली होती. ज्योत्स्ना दांडीला धरून उभी राहिली. शेजारची म्हातारी तिला म्हणाली, "गणपतीला का बाई?" आणि ती हो म्हणाली, कारण खरं काय ते सांगायला फार वेळ लागला असता. फाट्यावर एकटीच उतरली. सासरच्या गावाची ही वाट ती लग्नानंतरच्या वर्षांतच शेवटची चालली होती. तेव्हा इथं कोरडवाहू रान होतं, आता दोन्ही बाजूंना मोसंबीच्या बागा लागलेल्या. चालता चालता तिनं वाक्यं जुळवली. मला आधी सांगितलं असतं तर. मी काही राक्षसीण आहे का. आणि प्रत्येक वाक्याला तिच्याच मनातून कुणीतरी शांतपणे उत्तर देत होतं: सांगितलं असतं तर काय केलं असतंस? ते उत्तर देणारं जे कुणी होतं त्याचा तिला भयंकर राग आला.

तळ्याचा बांध उंच होता. तारेच्या कुंपणाला एक फाटक, ते उघडंच. मोसंबीच्या झाडाआडून तिला आधी पाणी दिसलं, काळ्या प्लास्टिकच्या कागदावर थोपवून धरलेलं, चौकोनी, गच्च भरलेलं. आणि त्यावर ती बोट. टपात ती केवढी तरी वाटायची, इथं अगदी चिमुकली दिसत होती, पण सरळ चालली होती, न झुकता, मागं पाण्याची दुभंगलेली रेघ सोडत. बांधावर प्लास्टिकच्या खुर्चीत रामकिसन बसला होता. तिनं पाहिला होता तो माणूस दांडगा होता. याचा एक खांदा खाली गळलेला होता, उजवा हात मांडीवर उशीसारखा ठेवून दिलेला. खुर्चीच्या दांडीला रिमोट बांधला होता आणि त्याचा डावा अंगठा दांडीवर होता. मागं राजानंद उकिडवा बसून त्याची पाठ धरून होता. पलीकडं जाऊबाई बेबीनंदा डोक्यावर घमेलं तसंच घेऊन उभी राहून बघत होती. "वळव आता," राजानंद म्हणत होता, त्या आवाजात. "हळू. घाई न्हाई. हां, अस्सं." बोट वळली. काठाला लागता लागता वळली, आणि रामकिसन हसला. अर्ध्याच तोंडानं हसला, घशातून घरघरल्यासारखा आवाज आला, पण ते हसणं होतं, आणि राजानंदही हसला. त्याच्या चेहऱ्यावरचं ते हसू ज्योत्स्नानं पाहिलं आणि तिला उभ्या उभ्या रडू आलं. हे हसू तिच्या घरात कधी आलेलं नव्हतं. तिनं डोळे पुसले, फाटकातून आत गेली आणि बांध चढू लागली.

बेबीनंदानं तिला आधी पाहिलं. तिनं घमेलं खाली ठेवलं आणि डोक्यावर पदर घेतला. मग राजानंदनं पाहिलं, तो उठून उभा राहिला. शेवटी रामकिसननं मान कष्टानं वळवली. त्याचा अंगठा दांडीवरून निसटला आणि बोट पाण्याच्या मधोमध थांबून राहिली. खांद्यावरचं उपरणं डाव्या हातानं ओढून तो रिमोटवर झाकू लागला. उपरणं नीट पडेना, त्यानं पुन्हा ओढलं. त्याचे ओठ हलत होते. शब्द एकेक करून, मध्ये थांबत, लाळेसकट बाहेर आले. "मी... आता... पेत न्हाई... बाई."

"बसा दादा," ज्योत्स्ना म्हणाली. "चालवा तुम्ही. चालवा ना."

तिला वाटलं होतं त्यापेक्षा ते फार जोरात निघालं. वर्गात म्हणावं तसं. कुणी हललं नाही. रामकिसन राजानंदकडे पाहू लागला. बेबीनंदानं विचारलं, "चहा ठेवू का?" आणि तिनंही ते राजानंदलाच विचारलं.

"नको वहिनी," राजानंद म्हणाला. "तिला लगेच जायचं असंल." आणि तो खुर्चीच्या पुढं येऊन उभा राहिला, ज्योत्स्ना आणि भाऊ यांच्या मध्ये.

"मला जायचं न्हाई," ज्योत्स्ना म्हणाली. ती तिथंच, बांधावरच्या मातीत, चांगल्या साडीनिशी खाली बसली. बसल्यावर तिनं वर पाहिलं. राजानंद तिच्याकडे पाहत होता. तिच्या डोळ्यांत, मग पर्सकडे, मग तिच्या हातांकडे, पुन्हा डोळ्यांत. काय मनात धरून आली आहे ही, हे शोधत होता.

"कामून?" त्यानं विचारलं.

तिच्याजवळ उत्तर होतं. खरं होतं, आणि साधं होतं. पण गेल्या महिनाभरात तिनं हाच प्रश्न त्याला कितीदा तरी विचारला होता, आणि दर वेळी, तो तोंड उघडायच्या आधीच, येईल त्या उत्तरावर विश्वास ठेवायचा नाही असं ठरवून विचारला होता.